सत्यकाम, तुझ्या नावाबद्दल

चि. सत्यकाम यास,
अनेक आशीर्वाद.

हॉस्टेलवरची मुलं नावातल्या 'काम'वरून चिडवतात, हे तू फोनवर हसत सांगितलंस, पण मला ते लागलं. त्यांना सांग, निष्काम आणि पूर्णकाम यांतला जो काम, तोच हा. काम म्हणजे इच्छा. ज्याला खऱ्याची ओढ आहे तो सत्यकाम. अर्थ सुंदर आहेच, पण मी हे नाव ठेवलं ते जबालेसाठी.

छांदोग्य उपनिषदाच्या चौथ्या अध्यायात तिची गोष्ट आहे. सत्यकामाला गुरूकडे शिकायला जायचं होतं. तिथे गोत्र विचारणार, म्हणून त्याने आईला विचारलं. ती म्हणाली, "बाळा, तुझं गोत्र मला ठाऊक नाही. तरुणपणी चाकरी करत पुष्कळ फिरले, तेव्हा तू मला झालास. माझं नाव जबाला, तुझं सत्यकाम. तू आपला सत्यकाम जाबाल असंच सांग."

शंकराचार्यांच्या भाष्यात ती नवऱ्याच्या घरी पाहुण्यांच्या सरबराईत गुंतलेली गृहिणी आहे, गोत्र विचारायचं राहून गेलेली. मूळ उत्तरात मात्र नवऱ्याचा उल्लेखच नाही. मला ती मुळात आहे तशीच हवी. मुलापासून काही न लपवता तिने स्वतःचं नाव त्याच्या नावाला जोडून दिलं.

हारिद्रुमत गौतमांपुढे त्याने आईचे शब्द जसेच्या तसे सांगितले. गौतम म्हणाले, "समिधा घेऊन ये, मी तुझं उपनयन करतो. तू सत्यापासून ढळला नाहीस." त्याआधी ते असंही म्हणतात की, ब्राह्मण नसलेला असं बोलूच शकणार नाही. हे वाक्य मला कधीच पटलं नाही. खरं बोलायला जात लागत नाही, आणि ते खरं आधी जबाला बोलली होती.

पुढे गौतमांनी त्याला 400 हडकुळ्या गाई दिल्या. हजार झाल्याशिवाय परतणार नाही, असं म्हणून तो रानात गेला. तिथे त्याला बैलाने, अग्नीने, हंसाने आणि मद्गू नावाच्या पाणपक्ष्याने ब्रह्माचा एकेक पाद, म्हणजे चौथा भाग, शिकवला.

तुला शाळेत घालताना वडिलांच्या नावाचा रकाना मी रिकामा ठेवला. कारकुनाने फॉर्म माझ्याकडे परत सरकवला आणि "काहीतरी लिहा" म्हणाला. मी काहीतरी लिहिलं नाही. मुख्याध्यापकांपर्यंत गेले, आणि तुझ्या नावापुढे माझं नाव लागलं. आता 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत मुलाच्या नावानंतर आईचं, मग वडिलांचं नाव आणि आडनाव, असा महाराष्ट्रात नियम झाला आहे. ती बातमी वाचून मला फार बरं वाटलं.

आईच्या नावाने ओळखलं जाणं आपल्याकडे जुनंच आहे. सातवाहन राजे गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी असंच नाव लावत. नाशिकच्या पांडवलेण्यांत, 3 क्रमांकाच्या लेण्यात, गौतमी बलश्रीचा मोठा शिलालेख आहे. त्यात तिच्या मुलाच्या पराक्रमाचं वर्णन आहे. दिवाळीच्या सुट्टीत आलास की आपण दोघं जाऊ. पायऱ्या बऱ्याच आहेत, सकाळी लवकर निघावं लागेल.

तुझी,
आई