सूचना: खाडीत उतरताना पायात काय घालावं

मंडळी, कयाक (वल्ह्याची अरुंद होडी) घेऊन खाडीत गळ टाकायला जायचं आणि पौषातली थंडी आली, की ‘वेडर (पाण्यात उतरताना घालायची जलरोधक पँट) घेऊ का?’ हा प्रश्न येतोच. छातीपर्यंतचा, जाड निओप्रीनचा (फोमसारख्या रबराचा) वेडर बर्फाळ पाण्यासाठी असतो. दाभोळ खाडीचं पाणी जानेवारीतही २५ अंशांच्या आसपास असतं. वल्हं मारता मारताच घामाने भिजाल. गारठा लागतो तो पहाटेच्या मतलई वाऱ्याचा. त्याला विंडचीटर आणि लवकर वाळणारी पँट पुरे. हौसच असेल तर पातळ, हवा खेळती ठेवणारा वेडर घ्या, पण कमरेचा पट्टा घट्ट आवळा. कयाक उलटली तर पाणी आत भरून परत वर चढणं मुश्कील होतं. लाइफ जॅकेट अर्थातच हवं.

पैसे बुटांवर घाला. कालवांच्या धारा पाय चिरतात आणि चिखल चप्पल गिळतो. घोट्यावर घट्ट बसणारे, जाड रबरी तळाचे बूट घ्या; आत जाड मोजे घालणार असाल तर एक नंबर मोठे. फेल्टचा (दाबलेल्या लोकरीसारख्या कापडाचा) तळ आपल्या चिखलात घसरतो. गमबूट नकोतच, भरले की पाय उचलत नाही.

आणि बूट कितीही भारी असले तरी पाकट माशाच्या शेपटीचा काटा आरपार जाऊ शकतो. पाऊल उचलून टाकू नका, खाडीच्या तळावर पाय घासत चला, म्हणजे मासा आधीच बाजूला होतो.

रविवारी जो बुटांशिवाय येईल, त्याने कयाकवर बसूनच गळ टाकायचा.