राखीव

डॅलस

ती. अण्णा आणि ती. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर मी पोराबद्दल 'यादीत आहे' एवढंच म्हणालो आणि तुम्ही लगेच पेढे वाटायला घेतलेत. अण्णांना नीट ऐकू जात नव्हतं, आणि मीही पुढचं बोललो नाही. म्हणून हे पत्र. ताई वाचून दाखवेल.

यादीत आहे हे खरं, पण संघातल्या पंधरांत नाही. राखीव आहे. विश्वचषकासाठी अमेरिकेच्या एकोणीस वर्षांखालच्या क्रिकेट संघात यष्टिरक्षक दोनच घेतले. त्यातला एक सलामीला येतो, म्हणजे एका जागेत दोन कामं झाली. तुमचा नातू सातव्या नंबरला खेळणारा. निवड समितीत मी असतो तरी हेच केलं असतं, असं मी दिवसातून दोनदा स्वतःला बजावतो.

आई, राखीव म्हणजे घरीच राहायचं, सराव सोडायचा नाही आणि पासपोर्ट हाताशी ठेवायचा. पंधरांतला कुणी जायबंदी झाला आणि स्पर्धेच्या तांत्रिक समितीने बदली मंजूर केली, तरच बोलावणं येणार. म्हणजे याला विमानात बसायला मिळावं तर दुसऱ्या कुणाचं तरी बोट मोडायला हवं. तेव्हा नारळ-बिरळ बोलू नकोस. त्या दोघांपैकी एक जण आमच्याकडे चार दिवस राहून गेलाय, फार गुणी पोर आहे.

'समितीला जाब का नाही विचारलास' असं अण्णा म्हणणार, म्हणून इथली एक रीत सांगतो. पोरांचा खेळ कुठलाही असो, अगदी बेसबॉलसुद्धा, बऱ्याच ठिकाणी पालकांना चोवीस तासांचा नियम असतो. सामना संपल्यावर पुरे चोवीस तास प्रशिक्षकाजवळ तक्रारीचं अवाक्षर काढायचं नाही. फोन नाही, ईमेल नाही, पार्किंगमध्ये गाठणं तर नाहीच. हंगामाच्या सुरुवातीलाच तशा कागदावर आपली सही घेतात. दुसऱ्या दिवशी विचारलं तर चालतं, पण 'माझ्या मुलाला का नाही घेतलं' असं नाही; 'त्याने काय सुधारावं' असं. त्यातून मुलगा सोळा-सतराचा असेल तर बापाने गप्पच राहायचं, ईमेल मुलानेच लिहायचं. आधी मला वाटायचं, ही तक्रारी टाळायची युक्ती असणार. आता वाटतं, राग निवायला खरंच एक दिवस जातो. (मला चार लागले.) शून्यावर बाद होऊन आलेल्या पोरालाही इथे सगळे 'गुड जॉब' म्हणतात. माझ्या शून्यावर तुम्ही काय म्हणायचात, अण्णा, ते इथे लिहीत नाही.

पोराने स्वतःच प्रशिक्षकाला ईमेल लिहिलं. दोन ओळींचं उत्तर आलं: फिरकीपुढे यष्टींमागे फार लवकर उठतोस. खरं आहे ते. इथे क्लबच्या बहुतेक मैदानांवर कृत्रिम खेळपट्टी, चेंडू एकसारखा उसळतो. मातीवर तो खाली राहिला की याची धांदल होते.

'भारताविरुद्ध खेळायची वेळ आली तर?' हा तुमचा प्रश्न मी दोनदा टाळला. 2024 साली दक्षिण आफ्रिकेत ब्लूमफाँटेनला याच वयोगटाच्या विश्वचषकात भारताने अमेरिकेला 201 धावांनी हरवलं. सोलापूरच्या अर्शिन कुलकर्णीचं शतक झालं तेव्हा इथे मी टाळ्या वाजवल्या आणि पोरगं माझ्याकडे बघत राहिलं. पण अण्णा, सौरभ नेत्रावळकर 2010 मध्ये याच स्पर्धेत भारताकडून खेळला होता. 2024 मध्ये मोठ्यांच्या टी-20 विश्वचषकात इथे डॅलसजवळ सुपर ओव्हर टाकून त्यानेच अमेरिकेला पाकिस्तानविरुद्ध जिंकून दिलं. तेव्हा 'आपला मुंबईचा पोरगा' म्हणून तुम्हीच मला फोन केला होतात. मग नातवाला वेगळा न्याय का? तो तर जन्मलाच इथे.

अभ्यास बुडत नाही. आई, खरंच बुडत नाही.

स्पर्धा दोन वर्षांनी येते, पुढच्या वेळी याचं वय उलटलेलं असेल. त्यावर घरात कुणी बोलत नाही. तो रोज सरावाला जातो आणि चांगलं जेवतो.

पैशांचं सांगायचं राहिलं. शिबिरांच्या विमानप्रवासात बरेच गेले, म्हणून या खेपेला अर्धेच पाठवले आहेत. मोतीबिंदूची तारीख त्यासाठी पुढे ढकलू नका. दादाकडून घ्या, फेब्रुवारीत मी त्याला देतो.

ताई, पुढचं मोठ्याने वाचू नकोस. तुझ्या लेकीच्या लग्नाला येणार नाही असं मी कळवलं ते जानेवारीतल्या या स्पर्धेमुळे. मैदानात बसून त्याला बघायचं ठरवलं होतं, रजाही मंजूर झाली आहे. आता तो म्हणतो, बाबा, तुम्ही लग्नाला जा, मला काही होत नाही. त्याला सोडून यावं की नाही ते कळत नाही, म्हणून अजून तिकीट काढलं नाही. पत्रिका छापायला गेली नसेल तर निमंत्रकांत माझं नाव राहू दे. गेली असेल तरी रागावू नकोस.

अण्णांना सांग, पेढे परत मागू नका म्हणावं.

तुमचा,
धाकटा