पैसे देण्याआधी चासीखाली जा

लंडन, ऑन्टारियो
१४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू पाठवलेले टेम्पोचे फोटो पाहिले. केबिन चांगली दिसते, मागचा मालाचा हौदा सरळ आहे, टायरही अजून एक वर्ष काढतील. मला खटकला तो चासीचा, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याचा, फोटो. इतकी वर्षं मिरकरवाडा बंदरातून मासळी वाहिलेली टाटा ४०७, आणि तिची चासी मात्र नव्या गाडीसारखी काळीभोर! विकणारा माणूस सरळ असेलही. पण त्या रंगाखाली काय आहे ते बघितल्याशिवाय पुढचे पैसे देऊ नकोस. फोनवर एवढं सगळं सांगून होणार नाही, आणि हे तू मेस्त्रीलाही वाचून दाखवावंस असं वाटतं, म्हणून लिहायला बसलो.

इकडे नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत रस्त्यांवरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात. माझ्यापासून शंभरेक किलोमीटरवर, ह्यूरॉन सरोवराच्या काठी गॉडरिच नावाचं गाव आहे. १८६६ साली तिथे खनिज तेल शोधायला जमिनीत भोक पाडलं आणि तेलाऐवजी मीठ लागलं. आज तिथे सरोवराखाली सुमारे ५५० मीटर खोल जगातली सर्वांत मोठी भूमिगत मिठाची खाण आहे. माणसं घसरून मरू नयेत म्हणून हे मीठ लागतंच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तेच मीठ चाकांबरोबर उडून गाडीच्या पोटाला चिकटतं आणि तिथेच बसतं.

रस्ता उणे नऊ-दहा अंशांच्या खाली गेला की साधं मीठ फारसं चालत नाही, म्हणून त्यात कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइडचं पाणी मिसळतात. हे क्षार गाडीला जास्त वाईट, कारण ते हवेतला ओलावा ओढून घेतात आणि लोखंडाला वाळूच देत नाहीत. आपल्याकडचं जाडं मीठ पावसाळ्यात बरणीत पाझरतं, तेही त्यातल्या मॅग्नेशियम क्लोराइडमुळेच. समुद्राच्या पाण्यात ते असतंच. म्हणजे बंदरावरून जे पाणी तुझ्या हौद्यातून खाली गळणार, त्यात इथल्या रस्त्यावरचा सगळा ऐवज आहे. शिवाय थंडीत गंजण्याची क्रिया मंदावते. म्हणून इथले जाणते लोक मीठ लागलेली गाडी न धुता उबदार गॅरेजात ठेवत नाहीत. बाहेर बर्फात उभी असलेली परवडते. रत्नागिरीला बारा महिने ऊब आणि हवेत ओल. तेव्हा हिवाळा इकडे असला तरी तुझी गाडी माझ्या गाडीपेक्षा जास्त धोक्यात आहे, हे मनात पक्कं धर.

आता बघायचं कसं ते सांगतो. मेस्त्रीला बरोबर ने. गाडी गॅरेजच्या खड्ड्यावर किंवा रॅम्पवर घ्या. नुसत्या जॅकवर उचलून खाली शिरू नका. घोड्या, म्हणजे लोखंडी टेकू, लावल्याशिवाय डोकंसुद्धा आत घालायचं नाही. टॉर्च, छोटी हातोडी आणि एक जुना स्क्रू ड्रायव्हर घे. चासीचे दोन्ही लांब बीम आणि मधली आडवी क्रॉस मेंबर वीतभर अंतरावर ठोकत जा. चांगलं लोखंड खणखणतं, खाल्लेलं बद्द वाजतं. आवाज बदलला की तिथे स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबून बघ. रंग फुगलेला असेल तर त्याखाली पोपडे निघतील. विकणारा म्हणेल, रंग खराब होईल. होऊ दे. जो ठोकू देत नाही त्याच्याकडून गाडी घ्यायची नाही.

सगळीकडे सारखं बघत बसू नकोस, गंजाच्या जागा ठरलेल्या असतात. मागच्या पाट्यांचे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्यांचे, हँगर आणि शॅकल (त्या अडकवायचे भाग) जिथे चासीला बसतात ती जागा, स्टेपनीच्या वरची क्रॉस मेंबर, डिझेल टाकीचे पट्टे, केबिनचे माउंटिंग आणि हौदा जिथे चासीवर टेकतो ती सगळी वरची बाजू. हौद्याखाली लाकूड किंवा रबर घातलेलं असेल तर ते भिजून राहतं, आणि त्याखालचं लोखंड कुणाला दिसत नाही. जिथे पट्टीवर पट्टी रिव्हेट केलेली असते तिथे नीट बघ. गंज लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा व्यापतो, त्यामुळे तो दोन पट्ट्यांमध्ये फुगून त्यांना एकमेकींपासून ढकलतो. रिव्हेटच्या मधे पट्टी लाटेसारखी वर आलेली दिसली तर आत काम सुरू झालेलं आहे असं समज.

माझ्या पिकअपची चासी बाहेरून ठीक होती. पण तिचा काही भाग चारही बाजूंनी बंद असलेल्या नळीसारखा आहे, आणि पाणी जायला जी भोकं ठेवलेली असतात ती चिखलाने बुजली होती. ओला, खारट चिखल आत बसून राहिला आणि लोखंड आतून बाहेर खात आला. इथल्या एका म्हाताऱ्या वेल्डरने हातोडीच्या दोन ठोक्यांत ते ओळखलं. ब्रेकचे लोखंडी पाइपही त्याने बदलायला लावले आणि कॉपर-निकेलचे टाकायला सांगितले, ते गंजत नाहीत. ब्रेक पाइप तू आवर्जून बघ. क्लिपखाली, जिथे पाणी अडतं, तिथे पाइप सोलल्यासारखा झाला असेल तर तो बदलायचाच, त्यात घासाघीस नाही. चासी मोडायच्या आधी सूचना देते. ब्रेक पाइप फुटतो तो पेडलवर जोर पडतो त्याच क्षणी, आणि तू आंबा घाटाने कोल्हापूरला माल नेणार आहेस.

समजा नुसता वरवरचा गंज निघाला. मग गाडी घ्यायला हरकत नाही, पण काम नीट कर. आधी गोड्या पाण्याने भरपूर धू, बीमच्या आतल्या बाजूनेही, आणि कडकडीत वाळू दे. मीठ तसंच ठेवून वर कितीही महाग रंग मारला तरी तो वर्षभरात फुगतो. मग तारेच्या ब्रशने, ग्राइंडरने पोपडे पार काढायचे. डोळ्यांवर गॉगल, तोंडावर मास्क. जे घट्ट, पातळ उरेल त्यावर रस्ट कन्व्हर्टर लाव. त्यात टॅनिक किंवा फॉस्फोरिक आम्ल असतं, ते गंजाचा टिकाऊ, गडद थर करतं. पोपड्यांवर लावलं तर फुकट जातं. त्यावर इपॉक्सी प्रायमर, मग रंग.

भोक पडलं असेल तर गोष्ट वेगळी. पातळ पत्र्याचं ठिगळ मारून वर काळा रंग हा आरटीओच्या पासिंगपुरता उपाय आहे, माल भरलेल्या गाडीचा नव्हे. सडलेला भाग चांगलं लोखंड लागेपर्यंत कापून काढायचा आणि तेवढ्याच जाडीची पट्टी वेल्ड करायची, तीही चासीचं काम जाणणाऱ्याकडूनच. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची वायर काढा, डिझेल टाकी आणि ब्रेक पाइप दूर करा. आधी कुणी ऑइल मारलेलं असेल तर ते पुसून काढा, पेट घेतं. पाट्यांच्या हँगरपाशीच भोक असेल तर मात्र ही गाडी सोड. दुसरी मिळेल.

इथे दर शरदात, मीठ पडायला लागायच्या आधी, गाडीच्या पोटाला ऑइल फवारून घेतात. क्राउन, रस्ट चेक अशा कंपन्यांची दुकानं गावोगाव आहेत, दीड-दोनशे डॉलर घेतात. ते ऑइल वाळत नाही, आणि तोच त्याचा गुण आहे. ते सांध्यांत, पट्टीमागे शिरत राहतं, ओरखडा पडला तरी पुन्हा पसरतं. दोन-चार दिवस गाडीखाली थेंब पडतात, एवढाच त्रास. उलट रबरासारखं जाड काळं कोटिंग कडक होतं, खडी लागून त्याला चीर पडते, चिरेतून पाणी आत जातं आणि गंज झाकलेल्या जागी निवांत वाढतो. मी दोन्ही प्रकारच्या गाड्या खालून पाहिल्यात. जुन्या गाडीला कोटिंग लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे सर्व्हिसिंगवाले जळकं ऑइल मारून देतात, स्वस्तही पडतं. ते नको. त्यात इंजिनातलं आम्ल आणि धातूची बारीक पूड असते, अंगाला लागणं वाईट, आणि गळून सगळं गटारातून खाडीत जातं. लॅनोलिनचा, म्हणजे मेंढीच्या लोकरीतल्या स्निग्धाचा स्प्रे मिळाला तर उत्तम. नाहीतर बंद जागांसाठी मिळणारं कॅव्हिटी वॅक्स. ब्रेक ड्रम, सायलेन्सर आणि रबरी बुश एवढ्या जागा सोडून सगळीकडे.

वेळ कुठली निवडायची? १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, गाडी तशीही उभीच राहणार. पण काम मे संपायच्या आत उरक. जूनमध्ये लोखंड वाळणारच नाही, आणि ओल्यावर रंग काय, ऑइल काय, काहीच धरत नाही. त्या दोन महिन्यांत गाडी गवतात किंवा मातीवर उभी करू नकोस, खालून वाफ येते. पत्र्याच्या शेडमध्ये फरशीवर लाव, वारा खेळू दे.

आणि हौद्याचं एक काम पहिल्याच दिवशी करून घे. तळाला एका कोपऱ्याकडे उतार दे, तिथे नळी काढून खाली कॅन बांध, म्हणजे बर्फाचं खारं पाणी चासीवर न पडता कॅनमध्ये जाईल. रोज माल उतरवल्यावर पाइपने गोडं पाणी मार, वरून नव्हे, खालून. दहा मिनिटांचं काम आहे. विहिरीला पाणी कमी असेल तेव्हा निदान पाट्यांपाशी आणि मागच्या क्रॉस मेंबरवर मार. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस सर्टिफिकेट लागतं, तेव्हा पासिंगच्या आधी एकदा हातोडीची फेरी ठेवलीस की वेगळं लक्षात ठेवायला नको.

ठोकून झालं की मला चार फोटो पाठव: दोन्ही मागच्या हँगरचे, स्टेपनीवरच्या क्रॉस मेंबरचा आणि ब्रेक पाइपच्या क्लिपचा. फ्लॅश लावून, जवळून. रंग खरवडलेला दिसला पाहिजे. ते बघून किमतीचं बोलू. कमी पडले तर मी पाठवीन, त्याची चिंता करू नकोस.

आई-बाबांना साष्टांग नमस्कार, वहिनीला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा धाकटा