बिचारी म्हणू नकोस

मुंबई,
२५ ऑक्टोबर २०२५

प्रिय नलू,

वसुबारसेच्या दिवशी फोनवर तू म्हणालीस, "बिचारी स्मिता, आज सत्तर वर्षांची झाली असती गं," आणि मी एकदम गप्प झाले. तुला वाटलं लाइन गेली. लाइन गेली नव्हती. स्मिता पाटीलसारख्या नटीला लावलेला तो "बिचारी" शब्द मला लागला. सणासुदीला वाद नको म्हणून मी चकल्यांचा विषय काढला. आता भाऊबीज झाली, माणसं आपापल्या घरी गेली, पण शब्द काही डोक्यातून जात नाही. म्हणून लिहायला बसले आहे.

तुला का वाईट वाटतं ते मला कळतं. १३ डिसेंबर १९८६ला ती गेली. वय एकतीस, पदरात पंधरा दिवसांचं मूल. ती बातमी आमच्या घरी कळली तेव्हा आई पोळ्या करत होती. सिनेमाला आयुष्यभर "थेरं" म्हणणारी माझी आई तव्यावरची पोळी तशीच टाकून बाहेर आली आणि दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. पोळी करपल्याचा वास घरभर झाला तरी कुणी उठलं नाही. मी तेव्हाही रडले, आजही तिचा फोटो बघून गलबलतं. पण नलू, आपण तिचं मरण इतक्या वेळा आठवतो की तिचं काम मागे पडतं. ते मला सोसत नाही.

तळमजल्यावरच्या काकांकडे टीव्ही आला ते आठवतं का? सरकत्या लाकडी दारांचा, वर क्रोशाचा रुमाल. मुंबई दूरदर्शन १९७२च्या ऑक्टोबरात सुरू झालं, आणि पुढची दोन वर्षं आपण दोघी त्या फरशीवर मांडी ठोकून जे दिसेल ते पाहत होतो. मराठी बातम्यासुद्धा! त्या वाचायची स्मिता. सावळी, मोठं कुंकू, हातमागाची साडी. तुझी आजी म्हणाली होती, "ही आपल्यातली वाटते गं." त्या वेळी टीव्हीवर आपल्यातलं कोण दिसायचं? खाली जीन्स असायची आणि वरून साडी गुंडाळून ती बातम्यांना बसायची, हे पुढे तिच्या जवळच्या माणसांनी सांगितलं. आजीला तेव्हा कळलं असतं तर काय म्हणाली असती कोण जाणे.

मला नेहमी वाटतं, तिची खरी तालीम त्या खुर्चीवर झाली. बातम्या वाचताना हातवारे नाहीत, उठणं-बसणं नाही, नुसता चेहरा आणि आवाज. कॅमेरा टक लावून बघतोय आणि आपण त्याच्याकडे शांतपणे बघायचं. तिच्या सिनेमांत ती काहीच करत नाही असे जे क्षण आहेत ना, नुसती बघते, ते मला त्या बातम्यांशी जोडलेले दिसतात. दिग्दर्शक श्याम बेनेगलांनी तिला हेरलं तेही टीव्हीवर बघून. त्याआधी राष्ट्र सेवा दलाचं कलापथक होतं, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधली मित्रमंडळी होती, अरुण खोपकरांची "तीव्र मध्यम" ही डिप्लोमा फिल्म होती. शिरपूरकडच्या पाटलांची, पुण्यात वाढलेली मुलगी. वडील राजकारणात, आई समाजकार्यात. सिनेमाच्या धंद्यातलं घरात कुणी नव्हतं.

आणि मग बेनेगलांचा "मंथन". त्याचा पैसा कुठून आला माहीत आहे? गुजरातच्या दूध संस्थांच्या पाच लाख सभासदांनी प्रत्येकी दोन रुपये दिले. पाच लाख गवळी-शेतकरी निर्माते! मी शाळेत सहकाराचा धडा शिकवताना दरवर्षी हे सांगायचे आणि मुलं डोळे विस्फारून बघायची. सिनेमा लागल्यावर ही माणसं ट्रक भरभरून आपला सिनेमा बघायला आली. गेल्या वर्षी तो नव्याने स्वच्छ करून फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात दाखवला. अशा सिनेमात काम करायचं म्हणजे मानधन बेताचं, राहणं गावात, उन्हात दिवसभर उभं राहणं, आणि तिथल्या बाईसारखं बसता-उठता आलं पाहिजे. स्मिताला ते आलं. तिच्या अंगावरची ओढणी भाड्याने आणलेली वाटत नाही, ती तिचीच वाटते.

"भूमिका" आली १९७७ साली. जुन्या काळच्या नटी हंसा वाडकरांच्या आत्मकथनावरची. बावीस वर्षांच्या मुलीने त्यात कोवळ्या वयापासून थकलेल्या बाईपर्यंतचं सगळं आयुष्य उभं केलं आणि पहिलं राष्ट्रीय पारितोषिक घेतलं. बावीस! त्या वयात आपल्या दोघींना बँकेत स्लिप भरता येत नव्हती.

आता तुझा दुसरा मुद्दा. तू म्हणालीस, पुढे ती धंदेवाईक सिनेमात गेली आणि वाया गेली. हे तू नेहमी म्हणतेस आणि मी नेहमी ऐकून घेते. या वेळी नाही घेणार. ती स्वतः याबद्दल मोकळेपणाने बोलली आहे. पाच वर्षं ती छोट्या, धंद्याबाहेरच्या "समांतर" सिनेमाला धरून राहिली, मोठमोठी कामं नाकारली, पैसा साठवला नाही. आणि समांतर सिनेमाला जरा बरे दिवस आले तेव्हा त्याच लोकांना "नाव" असलेली माणसं हवी झाली. एक-दोन सिनेमांतून तिला अलगद वगळलं. कुणी भांडलं नाही, कुणी तोंडावर काही सांगितलं नाही, नुसतं वगळलं. तेव्हा तिने मनाशी ठरवलं, नावच हवंय ना, मग नाव करून दाखवते. मग ती "नमकहलाल"मध्ये गेली, "शक्ती"त गेली. "नमकहलाल"मधल्या पावसातल्या गाण्यानंतर ती घरी येऊन रडली असं सांगतात. रडली असेल. पण दुसऱ्या दिवशी कामावर गेली, आणि त्याच साली, १९८२ला, "अर्थ", "बाजार" आणि आपला "उंबरठा" आले. याला वाया जाणं म्हणतात का गं? मला तर ही घर चालवणाऱ्या बाईची रीत वाटते. इकडचं कमवायचं आणि जिथे जीव आहे तिथे लावायचं.

"चक्र"साठी ती मुंबईच्या झोपडपट्ट्यांत जाऊन बसायची. त्यातल्या अम्माने तिला दुसरं राष्ट्रीय पारितोषिक दिलं. आणि त्याच सिनेमाच्या जाहिरातीत काय लावलं, तर अम्मा अंघोळ करतानाचं चित्र! ज्या बाईला आडोसा नाही म्हणून उघड्यावर न्हावं लागतं, तिच्या त्या लाचारीचाच बाजार मांडला. स्मिता त्यावर गप्प बसली नाही. प्रेक्षकांच्या माथी हे मारलं जातंय, सिनेमा चालला तर तो त्यात जे आहे त्यावर चालेल, अशा अर्थाचं ती कॅमेऱ्यासमोर स्पष्ट बोलली. ती मुलाखत अजून बघायला मिळते, जरूर बघ. आवाज चढलेला नाही, शब्द एकही वाया नाही. बातम्या वाचायची तशीच.

दूरदर्शनही तिने सोडलं नाही. सत्यजित राय यांनी दूरदर्शनसाठी "सद्गती" केला त्यात ती ओम पुरींची बायको आहे. तासाभराचंसुद्धा काम नाही ते. पण शेवटी पावसात नवऱ्याच्या प्रेताशी बसून ती जो आक्रोश करते, तो ऐकून मी टीव्ही बंद केला होता आणि मग पुन्हा लावला होता. शिवाय गुजरातीत "भवनी भवाई", मृणाल सेन यांच्या बंगाली सिनेमात स्मिता नावाच्याच नटीची भूमिका, मल्याळममध्ये अरविंदन यांचा "चिदंबरम". भाषा न येता त्या भाषेतली बाई होणं किती अवघड! आणि आपल्या मराठीत "जैत रे जैत"मधली चिंधी. नवऱ्याला सोडून मनातल्या माणसाकडे ताठ मानेने जाणारी ठाकर आदिवासी बाई. ती डोंगर चढते तेव्हा तिच्या पायांकडे बघ. शहरातली बाई पाय जपून टाकते, चिंधी टाकत नाही.

"मिर्च मसाला" तिच्या पश्चात लागला. शेवटी हातात विळा घेऊन उभी असलेली सोनबाई आठव, आणि मग सांग, बिचारी कोण?

एक गोष्ट मी तुला कधी बोलले नाही. "उंबरठा" पाहायला आपण दोघी घरी क्लासचं नाव सांगून गेलो होतो. तुझं लग्न ठरलं होतं. सुलभा महाजन लेकीला जावेपाशी ठेवून परगावी आश्रमाची नोकरी करायला जाते, तिथली घाण उपसते, हरून परत येते, आणि घरी नवरा सांगतो की मधल्या काळात दुसरी बाई होती. मग ती पुन्हा निघते. गाडीत बसलेली स्मिता आणि पडदा. बाहेर आल्यावर तू शब्द बोलली नाहीस. बसमध्ये खिडकीशी बसलीस, हातातलं तिकीट दुमडून दुमडून अगदी बारीक केलंस आणि विचारलंस, "शैले, ती परत येईल ना गं घरी?" मी म्हटलं, "येईल की. मुलगी आहे ना तिची." तू मान डोलावलीस. पुढच्या महिन्यात शाळेतली तुझी नोकरी सोडल्याचं पत्र तू मलाच दाखवायला आणलं होतंस, आणि मी त्यातलं शुद्धलेखन तपासून दिलं.

मी ते उत्तर विचार न करता दिलं होतं, नलू. इतक्या वर्षांत तो सिनेमा मी बऱ्याच वेळा पाहिला, पण तुझ्याबरोबर पुन्हा नाही पाहिला. कार्तिकीनंतर चार दिवस इकडे ये. सुनेला सांग, मैत्रिणीला बरं नाही. गुडघ्याचं खोटं नाहीच. दुपारी जेवून आपण "उंबरठा" लावू, आणि तो प्रश्न तू मला परत विचार.

येताना तुझ्या हातचं मेतकूट आण.

तुझीच,
शैला