सोबत कोण आहे?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या आरोग्य पुरवणीत फुफ्फुसाच्या आजाराच्या शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटची घरी काळजी कशी घ्यायची यावर लेख आला होता, चांगला होता, कापून ठेवलाय. पण पूर्ण लेख 'घरच्यांनी हे करावं, घरच्यांनी ते बघावं' असा, आणि दोनदा वाचूनही त्यात माझ्यासारखा माणूस काही सापडला नाही, म्हणून लिहितोय. टाइप करायला चार दिवस लागलेत कारण हात वर धरून थोडा वेळ बसलं तरी धाप लागते, तेव्हा कुठे तुटक वाटलं तर सांभाळून घ्या.

मी ७१ वर्षांचा, लग्न केलं नाही, एक भाऊ होता तो गेला. सीओपीडी आहे, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन कायम धाप लागते तो फुफ्फुसाचा आजार. फुंकायची टेस्ट करतात ना, त्यात पहिल्या सेकंदाला जेवढी हवा बाहेर पडायला हवी त्याच्या २४ टक्केच माझी पडते, आणि ३० च्या खाली गेलं की तो सगळ्यात गंभीर गट. सिगरेट ओढायचो का? हो, तीस वर्षं. हे आधीच सांगून टाकतो कारण पहिला प्रश्न तोच येतो, आणि उत्तर दिलं की समोरच्याच्या चेहऱ्यावरची माया जराशी कमी होते ती मला दिसते. चूक माझीच, पण त्यामुळे श्वास काही कमी लागत नाही.

पण खरा लागतो तो दुसरा प्रश्न. सोबत कोण आहे?

दोन वर्षांपूर्वी ॲडमिट होतो. डॉक्टर राउंडला आले, फाइल चाळली आणि म्हणाले, नातेवाइकांना पाठवा, बोलायचंय. मी म्हटलं नातेवाईक नाहीत, जे असेल ते मलाच सांगा. ते जरा घुटमळले, म्हणाले बरं बघू, तुम्ही आराम करा, आणि पुढच्या बेडकडे गेले. चार दिवसांनी डिस्चार्ज मिळाला, घरी येऊन चष्मा लावून कागद वाचला तेव्हा त्यात 'एंड स्टेज', म्हणजे शेवटचा टप्पा, असं लिहिलेलं होतं. संध्याकाळ झाली होती, दिवा लावायचंही सुचलं नाही, बराच वेळ तो कागद हातात धरून तसाच बसून राहिलो. ज्याच्याबरोबर कोणी नाही त्याला काही सांगायचंच नाही, हा कुठला न्याय?

लोकांना वाटतं नाकात नळी लावली की झालं. १९८१ साली ब्रिटनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात दिसलं की ज्यांच्या रक्तातला ऑक्सिजन खूपच कमी झालाय त्यांना रोज किमान १५ तास ऑक्सिजन दिला तर ती माणसं जास्त जगतात, आमचे १५ तास तिथून आले. आयुष्य वाढतं, पण फुफ्फुस बरं होत नाही आणि धापही पूर्ण जात नाही. ऑक्सिमीटरवर ९० दिसत असतं आणि तरी छातीत हवेसाठी धडपड चालू असते, हे बाहेरच्याला पटत नाही, आकडा तर चांगलाय म्हणतात.

आंघोळीचं सांगतो. तिला मला अर्धा तास लागतो. स्टुलावर बसून, नळी कानामागून नीट घेऊन, दार उघडं ठेवून, कारण नळी दाराखाली दाबली गेली तर हवा बंद. पाणी कोमट, कारण वाफ कोंडली की जीव घाबरतो. डोकं धुवायला हात वर नेले की संपलंच, म्हणून एका हाताने धुवायचं, थांबायचं, शिट्टी मारताना करतो तसे ओठ करून श्वास हळूहळू सोडायचा, मग दुसरा हात. अंग पुसायची ताकद नसतेच, मोठा टॉवेल गुंडाळून पंख्यासमोर बसून राहायचं, आपोआप सुकतं. पंख्याचा वारा चेहऱ्यावर आला की धाप खरंच कमी वाटते, छोटा बॅटरीचा पंखा मी उशाशी ठेवतो, ज्यांना हा त्रास आहे त्यांनी एकदा करून बघा.

हे सगळं जमतं हो. एकट्याने जमत नाही ते एकच, स्वतःवर लक्ष ठेवणं. मागच्या हिवाळ्यात एका रात्री फार धाप लागली म्हणून मी स्वतःच्या मनाने ऑक्सिजनचं मशीन मिनिटाला दोन लिटरवरून चारवर नेलं. कोणालाही तेच वाटेल ना, हवा कमी पडतेय तर वाढवा. पण आमच्यातल्या काही जणांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि ऑक्सिजन जास्त झाला की तो अजून चढतो, म्हणून आमचा ऑक्सिमीटरवरचा आकडा ८८ ते ९२ च्या मध्येच ठेवतात. सकाळी डोकं प्रचंड जड, आणि गंमत नव्हे, मला अगदी शांत, छान वाटत होतं. योगायोगाने ऑफिसमधल्या जुन्या मित्राचा फोन आला, मी त्याला सारखं एकच सांगत होतो की साहेबांना सांग मी फाइल पाठवतो. रिटायर होऊन तेरा वर्षं झालीत मला. त्याने ओळखलं, शेजारच्या वहिनींना फोन केला, त्यांनी ॲम्ब्युलन्स बोलावली. आपण गुंगीत चाललोय हे ज्याचं त्याला कळत नाही, दुसऱ्या कोणीतरीच ते बघावं लागतं.

तेव्हापासून आमचं ठरलंय, रोज सकाळी आठला मी वहिनींना फोन करतो आणि दोन वाक्यं बोलतो. आधी नुसता मिस्ड कॉल द्यायचो, वहिनीच म्हणाल्या की भाऊजी, मिस्ड कॉल तर गुंगीतसुद्धा देता येईल, आवाज ऐकू दे. साडेआठपर्यंत फोन नाही गेला तर त्या किल्ली लावून आत येतात. दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलाय, आजार, औषधं, ऑक्सिजन किती आणि '८८ ते ९२' मोठ्या अक्षरात, कारण धाप लागलेली असताना तीन शब्दांच्या वर बोलता येत नाही, ॲम्ब्युलन्सवाल्याला काय समजावणार. लाइट गेली की मशीन बंद पडतं, त्यासाठी एक सिलिंडर पलंगाशेजारी, त्याचा पाना सुतळीने सिलिंडरलाच बांधलेला. अंधारात पाना शोधायची वेळ एकदा आली होती, ती रात्र नको आठवायला.

आणि पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी करणारी देखभाल. तिथे जा असं मला कोणी सांगितलं नाही, मीच विचारत गेलो. १९६७ साली सिसिली साँडर्स बाईंनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस हे शेवटच्या दिवसांतल्या पेशंटची काळजी घेणारं केंद्र सुरू केलं, तेव्हापासून ही गोष्ट लोकांच्या डोक्यात कॅन्सरशीच जोडली गेलीये. आमचा आजार कसा, अचानक खाली जातो, ॲडमिट, थोडा वर येतो, पण पहिल्याइतका नाही, परत खाली. यातला शेवटचा झटका कुठला ते डॉक्टरांनाही आधी सांगता येत नाही, म्हणून सगळेच पुढच्या वेळी बोलू म्हणतात. मी गेलो तर तिथल्या डॉक्टर बाई खुर्ची ओढून समोर बसल्या आणि विचारलं, तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? मी म्हटलं गुदमरण्याची, आणि चार दिवस कोणाला पत्ता लागणार नाही याची. त्यांनी दोन्ही लिहून घेतलं. मॉर्फीनचा अगदी छोटा डोस सुरू केला, नाव ऐकून घाबरलो होतो, पण मला तरी रात्रीची तगमग कमी झालीये, बद्धकोष्ठ होतं त्याचं वेगळं औषध दिलंय. व्हेंटिलेटर हवा का नको, माझ्या वतीने कोणी बोलायचं, हे सगळं मी शुद्धीत असताना लिहून झालंय. बोलणार तो मित्रच. रक्ताचं नातं नाही, पण माझा आवाज बिघडलेला त्यानेच ओळखला होता.

संपादक साहेब, पुढचा लेख येईल तेव्हा एकट्या पेशंटसाठी चार ओळी जरूर टाका, आमच्यासारखे बरेच असतील आणि ते बोलत नाहीत कारण बोलायलाच दम नसतो. आणि कोणी डॉक्टर हे वाचत असतील तर एवढीच विनंती, सोबत कोण आहे हे जरूर विचारा, पण कोणी नाही म्हटल्यावर पुढच्या बेडकडे जाऊ नका. दोन मिनिटं बसा आणि त्या माणसालाच विचारा, तुम्हाला किती जाणून घ्यायचंय.

आपला,
एक जुना वाचक