‘समुपदेशन करण्यात आले’, पण कोणी आणि कितव्या दिवशी?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

अत्याचाराच्या किंवा दुर्घटनेच्या बातमीत शेवटी ‘पीडितेचे समुपदेशन करण्यात आले’ हे वाक्य हमखास येतं. या प्रयोगात कर्ता सापडत नाही, म्हणून ते सगळ्यांनाच सोयीचं पडतं. आघातग्रस्तांसोबत काम करणाऱ्या क्लिनिकल सोशल वर्करला (मानसिक आधार आणि उपचार देणाऱ्या प्रशिक्षित समाजकार्यकर्त्याला) मात्र लगेच विचारावंसं वाटतं: कोणी केलं, कितव्या दिवशी केलं आणि पुढची भेट कधीची ठरली?

दिवसाचा प्रश्न उगाच नाही. पहिल्या आठवड्यात लोकांना गोळा करून प्रत्येकाकडून ‘काय पाहिलंस ते सांग’ असं वदवून घेणं जागतिक आरोग्य संघटनेला मान्य नाही. त्याने पुढचा त्रास टळत नाही, काहींचा वाढतोही. संघटनेच्या २०११च्या मार्गदर्शिकेत पाहा, ऐका आणि जोडून द्या, एवढंच सांगितलंय. जोडून देणं म्हणजे हरवलेलं रेशनकार्ड, औषधं, नातेवाइकांचा फोन. रायगडमधल्या इर्शाळवाडीत दरड कोसळल्यावर जुलै २०२३मध्ये शोधकार्य थांबवलं तेव्हा ५७ माणसं बेपत्ता होती. मृतदेहच नाही, अशा घरात क्रियाकर्म करायचं का आणि मृत्यूचा दाखला कुठून आणायचा, हेच आधी सोडवावं लागतं. पीटीएसडीचं (आघातानंतर मागे राहणाऱ्या मानसिक आजाराचं) निदान तर लक्षणं महिनाभर टिकल्याशिवाय करताच येत नाही.

लैंगिक अत्याचाराच्या केसमध्ये घड्याळ वेगळं चालतं. एचआयव्ही प्रतिबंधक गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्याव्या लागतात आणि तातडीच्या गर्भनिरोधनाला पाच दिवसांची मर्यादा असते. पोलिसांत तक्रार झाली नाही म्हणून उपचार अडवता येत नाहीत. रुग्णालयाच्या वॉर्डातल्या समाजसेवा अधीक्षकाला हे तोंडपाठ हवं. मूल घडलेलं सांगायला लागण्याआधीच त्याला सांगून टाकायचं असतं की अशी गोष्ट कळली तर ती कायद्याने कळवावीच लागते, गुपित ठेवता येणार नाही. आधी ‘कोणाला सांगणार नाही’ म्हणायचं आणि संध्याकाळी पोलीस दारात, असं एकदा झालं की ते मूल कोणाशीच बोलत नाही. विचारायचं ते ‘मग काय झालं?’ एवढंच. ‘त्याने इथे हात लावला का?’ असं विचारलं की कोर्टात बचावाच्या वकिलाला ‘मुलाला शिकवून आणलंय’ म्हणायला वाव मिळतो. केस पेपरवर मुलाचे शब्द जसेच्या तसे अवतरणात घ्यायचे आणि आपला अंदाज वेगळ्या ओळीत लिहायचा.

खरा उपचार याच्यानंतरचा. मुलांसाठी सर्वांत तपासलेली पद्धत म्हणजे आघातकेंद्रित सीबीटी (विचार आणि वागणं यांवर काम करणारा बोलण्यातून होणारा उपचार), साधारण १२ ते १६ भेटींची. प्रत्येक भेटीचा वेळ मूल आणि पालक यांच्यात जवळपास अर्धा-अर्धा वाटलेला असतो. पहिल्या काही भेटींत प्रसंग तपशिलात काढतच नाहीत. शरीर घाबरतं तेव्हा काय होतं, श्वास कसा सोडायचा, भावनांना कोणती नावं असतात, हे आधी येतं. आपल्याकडची मुलं भीती, किळस, राग, लाज सगळं ‘कसंतरी होतं’ या दोन शब्दांत बसवतात. ते सोडवायलाच दोन भेटी जाऊ शकतात. मग मूल छोटी वही करतं. पहिलं पान ‘माझं नाव, मला आवडतं ते’. पुढे त्या दिवसाची सकाळ, मग प्रसंग, सर्वांत शेवटी त्यातला नकोसा क्षण. प्रत्येक पानानंतर त्रास किती, ते ० ते १० मध्ये विचारायचं आणि भेटीची शेवटची दहा मिनिटं खेळाला ठेवायची. ‘मी ओरडले नाही, म्हणून झालं’ हे वाक्य वहीत आलं की तिथे थांबायचं. भीतीने शरीर थिजतं, तो होकार नसतो, हे तिला स्वतःला सापडेपर्यंत पान उलटायचं नाही.

चुका ठरलेल्या आहेत. आईला ती वही आधी एकटीला ऐकवली नाही, तर मुलासमोर ती कोसळते आणि तिला जपायला मूल पुढची गोष्ट गुळगुळीत करतं. आरोपी काका त्याच घरात राहत असेल तर वही उघडायचीच नाही. तिथली भीती आजार नाही, खबरदारी आहे. आधी राहण्याची सोय लावायची. सर्वांत जास्त होणारी चूक मात्र कार्यकर्त्याची. ऐकायला स्वतःलाच जड जातं म्हणून ‘मूल अजून तयार नाही’ असं लिहून श्वासाचे व्यायाम महिनोन्‌महिने चालू ठेवणं. ही पळवाट बाहेरूनच दिसते, म्हणून नियमित सुपरव्हिजन, म्हणजे अनुभवी व्यक्तीकडून कामाचा आढावा, लागतं.

त्यामुळे दोन दिवसांच्या ऑनलाइन प्रमाणपत्रावर कोणी ‘ट्रॉमा थेरपिस्ट’ म्हणवून घेतं तेव्हा हसू येत नाही. या सीबीटीच्या प्रमाणपत्रासाठीसुद्धा कार्यशाळेनंतर काही महिने सल्लामसलत आणि किमान तीन केसेस शेवटपर्यंत न्याव्या लागतात. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सायकियाट्रिक सोशल वर्कर म्हणतो तो एमएसडब्ल्यूनंतर (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीनंतर) दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. केलेल्याला, तेही देखरेखीखालच्या क्लिनिकल प्रशिक्षणासह. इकडे यूजीसीने २०२२च्या नियमांत एम.फिल. बंद केलं, मग या विषयासाठी आणि क्लिनिकल सायकॉलॉजीसाठी २०२५-२६पर्यंत मुदत वाढवली. कायद्यातली व्याख्या एका पदवीवर टेकलेली आणि पदवी मुदतवाढीवर. यावर एखादा अग्रलेख यायला हरकत नाही.

आणि एक विनंती थेट आपल्या वार्ताहरांसाठी. गावाचं नाव, मुलीची इयत्ता आणि वडिलांचा धंदा एकाच वाक्यात छापला, की मुलीचं नाव गाळून काही साधत नाही. मुलांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्याच्या कलम २३मध्ये ओळख उघड करायला बंदी आहे, त्यात शाळा, शेजार, कुटुंबाचा तपशील हे सगळं येतं. ते कात्रण वर्गात फिरलं की मुलगी शाळेत जायचं थांबते आणि वही पुन्हा पहिल्या पानावर येते.

आघातग्रस्त मुलांसोबत काम करणारे काही सामाजिक कार्यकर्ते, पुणे