ऑटोमॅटिक गाडी विकताना तिचा प्रकार लिहून द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळ्यात शनिवार-रविवारी कसारा घाटात गाड्यांच्या रांगा लागतात. सोमवारी सकाळी आमच्या नाशिकच्या गॅरेजसमोर क्लचचा जळका वास मारणारी एखादी तरी ऑटोमॅटिक गाडी येऊन उभी राहते. गाडीवाले विचारतात, ‘अहो, ऑटोमॅटिकला क्लच कुठला आलाय?’ त्यांचं काय चुकलं? गाडी विकताना त्यांना हे कुणी सांगितलेलंच नसतं.

आपल्याकडे 2014 मध्ये मारुतीच्या सेलेरिओतून एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन) आली आणि ऑटोमॅटिक गाडी मध्यमवर्गीयांच्या आवाक्यात आली. गुडघे दुखणाऱ्यांची, रोज गर्दीत गाडी चालवणाऱ्यांची मोठी सोय झाली. पण एएमटीत गिअरबॉक्स साधाच असतो, क्लचप्लेटही साधीच. क्लच दाबण्याचं आणि गिअर बदलण्याचं काम तेवढं पायाहाताऐवजी अ‍ॅक्च्युएटर नावाचं यंत्र करतं. चढावर ब्रेक न लावता अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली, की क्लच अर्धवट लागून घसरत राहतो आणि प्लेट जळते. म्हणून रांगेत थांबताना ब्रेक किंवा हँडब्रेकच लावा. पुढची गाडी दोन हात सरकली म्हणून लगेच सरकू नका, थोडी जागा होऊ द्या. ड्राय ड्युअल क्लचच्या, म्हणजे तेलात न बुडालेल्या दोन क्लचच्या, गाड्यांनाही हेच लागू आहे. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत इंजिनाची ताकद तेलातून पुढे जाते, त्यामुळे तिथे अशी प्लेट जळत नाही, पण तेल तापतं. सीव्हीटीत ठराविक गिअर नसतात, दोन पुलींवर पोलादी पट्टा फिरतो आणि तिचं तेल निराळंच असतं. त्यात भलतंच तेल भरलं तर पट्टा घसरून आतला भाग खराब होतो. शोरूममध्ये मात्र या चारही गाड्यांना सरसकट ‘ऑटोमॅटिक’ म्हणून मोकळे होतात.

दुसरा त्रास ‘गिअरबॉक्स गेला’ या निदानाचा. एका निवृत्त शिक्षकांच्या गाडीचा लिव्हर पी (पार्किंग) मधून हलेना. एका ठिकाणी त्यांना थेट गिअरबॉक्स बदलायचं एस्टिमेट मिळालं होतं, लाखाच्या वरचं. आमच्याकडे गाडी आल्यावर पोराला मागे उभं केलं आणि ब्रेक दाबला. ब्रेकलाइट लागत नव्हता. ब्रेक पेडलच्या वर एक छोटा स्विच असतो. ब्रेक दाबल्याचा त्याचा सिग्नल मिळाल्याशिवाय अशा गाड्या लिव्हर सोडत नाहीत. स्विच बदलला, काही शे रुपयांत काम झालं. त्या दोन दिवसांत सर किती खचले होते, ते मी पाहिलंय. एएमटी गिअर घेत नसेल, तर आधी बॅटरीही तपासून घ्या. व्होल्टेज उतरलं की अ‍ॅक्च्युएटर गोंधळतो.

गाडी झटके मारत असेल किंवा एकाच गिअरमध्ये अडकली असेल, तर गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर लावल्याशिवाय कुणालाही काही उघडू देऊ नका. आणि स्कॅनरवर पी0700 आला म्हणून गिअरबॉक्सचा निकाल लावू नका. ट्रान्समिशनच्या कॉम्प्युटरला काहीतरी दोष सापडला आहे, एवढंच तो कोड सांगतो. नेमका दोष काय, ते त्याच्यासोबतच्या कोडमधून कळतं. मग गिअरबॉक्सचं तेल बघावं. पांढऱ्या फडक्यावर एक थेंब टाका. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीतलं नेहमीचं तेल, म्हणजे एटीएफ, लाल असतं. ते काळपट झालं असेल, करपल्याचा वास येत असेल, तर गिअरबॉक्सच्या आत तेलात असणाऱ्या क्लच झिजायला लागल्या आहेत असं समजा. गिअरबॉक्सखालच्या तेलाच्या चेंबरमधल्या लोहचुंबकाला राखाडी मऊ लेप असतोच, त्याला घाबरायचं कारण नाही. धातूचे तुकडे निघाले, तर मात्र काम मोठं आहे. ‘तेल लाइफटाइम आहे’ हे माझ्या मनाला पटत नाही. बऱ्याच गाड्यांच्या पुस्तिकेत घाट, उन्हाळा, गर्दी अशा कठीण वापरासाठी वेगळं वेळापत्रक दिलेलं असतं, ते काढून वाचा.

आणि टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटीची बंद पडलेली गाडी दोर बांधून ओढू नका. गिअरबॉक्समधला तेलाचा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद असताना चाकं फिरली, की आतले भाग तेलाविना घासतात. हायवेवर मदतीला धावणारे लोक भल्या मनाने दोर काढतात, पण त्यात बरा असलेला गिअरबॉक्सही बिघडतो. गाडी पूर्ण वर चढवून नेणारा फ्लॅटबेड ट्रकच मागवा.

शोरूमवाल्यांना माझी कळकळीची विनंती आहे. डिलिव्हरीच्या कागदावर गाडी एएमटी, सीव्हीटी, ड्युअल क्लच की टॉर्क कन्व्हर्टर, हे स्पष्ट लिहा आणि घाटात ती कशी चालवायची, याचं एक पान मराठीत द्या. माझ्या व्यवसायबंधूंनाही सांगणं आहे, की एस्टिमेटसोबत स्कॅनचे कोड लिहून द्या आणि काढलेलं तेल ग्राहकाला समोर दाखवा. आम्ही जॉबकार्डाच्या मागच्या बाजूला हे लिहायला लागलो आहोत. त्याला पाच मिनिटंही लागत नाहीत.

– एक गॅरेजचालक, नाशिक